अलास्का क्रूझ : सहा जण, दोन दुखरे गुडघे आणि एकच हिमनदी. कुठली घ्यावी?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

पुढच्या जुलैत आम्ही सहा जण अलास्काला क्रूझने जायचं म्हणतोय. मी, बायको, थोरली (१३), धाकटा (७) आणि आई-बाबा. आई ६८ ची, ठणठणीत. बाबा ७४ चे, दोन्ही गुडघे बोलतात. पण ऑपरेशनचं नाव काढलं की लगेच उठून घराभोवती फेरी मारून दाखवतात, तेवढ्यापुरते गुडघे बरे असतात. भाऊ सिअॅटलला असतो म्हणून जहाज तिथूनच पकडायचं. अमेरिकेचे व्हिसा सगळ्यांचे आहेत.

दोन जहाजांवर गाडी अडलीय. दोन्ही सात रात्रींची.

एक जुनं, मध्यम आकाराचं. जुनो, स्कॅगवे, केचिकन, मग एक अख्खा दिवस 'ग्लेशियर बे' नावाच्या नॅशनल पार्कात, आणि परतताना व्हिक्टोरिया. दुसरं नवंकोरं, अवाढव्य. त्यावर घसरगुंड्या, गो-कार्ट आणि काय काय. बंदरं जवळपास तीच, फक्त ग्लेशियर बेच्या ऐवजी एंडिकॉट आर्म नावाच्या चिंचोळ्या खाडीत सकाळचे काही तास. तिथेही हिमनदी आहेच. आणि सहा जणांचे मिळून हे दुसरं १,८०० डॉलरनी स्वस्त पडतंय.

माझं डोकं म्हणतं, बर्फ तो बर्फ. धाकट्याचं मत गो-कार्टला. थोरलीला देवमासा बघायचाय, तिने तर 'देवमासा दिसला नाही तर मी कुणाशी बोलणार नाही' असं आधीच जाहीर केलंय. बायको म्हणते बाल्कनीची खोली घेऊ, सगळं खोलीतूनच दिसेल. बाबा म्हणतात, मला कुठेही बसवा.

१,८०० डॉलर जास्त देण्यात अर्थ आहे का? बाल्कनी घ्यावी का? प्राणी जहाजावरून दिसतात की वेगळे पैसे मोजावे लागतात? कुणी आई-वडील आणि मुलं अशी सगळी वरात घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

निवांत

बर्फ तो बर्फ हे पटलं. आमच्याकडे फ्रीझर आहे, सहा जणांना फुकट दाखवू.

(गंमत हो. मी मे महिन्यात गेलो होतो. पाऊस कमी लागला, डोंगरांवर बर्फ भरपूर होतं, पण अस्वल एकही नाही. जुलै चांगला.)

उंटावरची शहाणी

हिशेबनीस, तुमचा प्रश्न वाचून मला आमचंच घर आठवलं. गेल्या वर्षी जुलैअखेर आम्ही पाच जण गेलो होतो : आम्ही दोघं, दोन मुलगे आणि माझे सासरे, वय ७६. त्यामुळे जे लिहिते ते अनुभवाचं. सल्ला कितपत घ्यावा ते मात्र माझ्या नावावरूनच ओळखा.

आधी सरळ उत्तर देते. हिमनदी मोठ्या जहाजावरून बघायची आणि प्राणी छोट्या बोटीतून. हे एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप कळतं. म्हणजे जहाज निवडायचं ते हिमनदीचा दिवस बघून. घसरगुंड्या बघून निवडाल तर अलास्का खिडकीतून दिसेल आणि मुलं जहाजाच्या पोटात असतील.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. त्यामुळे तो दिवस ज्यांच्या वेळापत्रकात असतो त्या फेऱ्या महाग पडतात. त्या दिवशी जहाज कुठल्याही बंदराला लागत नाही. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीने येऊन चालत्या जहाजाच्या दोरशिडीवरून वर चढतात (माझ्या धाकट्याला अख्ख्या सहलीतलं हेच सगळ्यात जास्त आवडलं, हे आधी सांगून ठेवते) आणि मग दिवसभर स्पीकरवरून सांगत राहतात : डावीकडे पाणमांजरं, उजव्या कड्यावर पांढरे ठिपके दिसताहेत त्या डोंगरी बकऱ्या. मुलांना ज्युनियर रेंजरची वही देतात. ती भरली की बिल्ला मिळतो. आमच्या तेरा वर्षांच्या दिवट्याने 'हे लहान मुलांचं आहे' म्हणत नाक मुरडलं आणि दुपारी बिल्ला लावून जेवायला आला.

आता बर्फ तो बर्फ का नाही, ते सांगते. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथे पोचली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्ग-अभ्यासक होडीने आला तोवर ती भिंत चाळीसेक मैल मागे सरकली होती. आज ती पासष्ट मैल मागे आहे. म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत आपलं जहाज ज्या पाण्यावरून जातं तिथे अडीचशे वर्षांपूर्वी घन बर्फ होतं. आणि हे नुसतं ऐकायचं नाही, बघता येतं. तोंडाशी स्प्रूसचं काळंभोर दाट जंगल. आत जावं तशी झाडं बुटकी होत जातात, मग नुसती खुरटी झुडपं, मग शेवाळ्याचा हिरवा हात फिरवल्यासारखा खडक, आणि शेवटी अगदी उघडाबोडका दगड. जिथून बर्फ आधी गेलं तिथे जंगल वाढायला जास्त वर्षं मिळाली, एवढा साधा हिशेब. सासरे शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हे रेंजरच्या आधी ओळखलं आणि दिवसभर त्याच आनंदात होते.

तिथले मूळचे लोक म्हणजे हूना ट्लिंगिट. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि तिने त्यांची गावं गिळली, म्हणून त्यांना खाडी सोडावी लागली. बर्फ मागे हटतंय एवढंच आपल्याला माहीत असतं. ते कधीकाळी घर सोडायला लावण्याइतकं पुढे आलं होतं, हे मला तिथे कळलं.

खाडीच्या टोकाला मार्जरी ग्लेशियर. रुंदी साधारण दीड किलोमीटर, पाण्याच्या वर उंची पंचाहत्तर मीटरच्या आसपास. म्हणजे वीस मजली इमारतींची रांग समोर उभी आहे असं समजा, फक्त निळी. हा निळा रंग फोटोत घातलेला नसतो बरं. दाबाखाली दाट झालेलं बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं, निळा तेवढा परत येतो. तिच्या शेजारीच ग्रँड पॅसिफिक ग्लेशियर आहे, दगडमातीने पार झाकलेला. सासरे म्हणाले, "हे रस्त्याचं काम चाललंय का?" तो हिमनदी आहे हे रेंजरने सांगितल्यावरही ते बराच वेळ संशयाने बघत होते.

मार्जरीसमोर आमचं जहाज तासभर थांबलं आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरलं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. इथे माझी चूक सांगते. चाळीस मिनिटं झाली, काही पडेना, वारा असा की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागे. म्हटलं, मुलांसाठी गरम चॉकलेट घेऊन येते. रांगेत उभी होते तेव्हा बाहेरून दीडदोनशे लोकांचा एकदम 'ओऽऽ' ऐकू आला. त्यानंतर गडगडाट. कप टाकून धावले तर पाण्यावर नुसत्या लाटा आणि तरंगणारा चुरा. मोठा कडा गेला तो गेलाच. त्या तासातला सगळ्यात मोठा तुकडा मी कपांच्या रांगेत उभी राहून ऐकला.

पण त्यातून एक गोष्ट शिकले. आधी पडताना दिसतं आणि मग आवाज येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर आपण मोजतो तसंच. म्हणून आवाज ऐकून मान वळवलीत तर उशीर झालेला असतो. सासऱ्यांनी नातवांना कामाला लावलं : भिंतीचा एकेक भाग वाटून घ्यायचा, आपापल्या भागावरून डोळा हलवायचा नाही, कुठून बारीक चुरा घरंगळायला लागला की ओरडायचं, कारण मोठा तुकडा पडायच्या आधी बऱ्याचदा तिथूनच भुगा सांडतो. पुढच्या वीस मिनिटांत दोन लहान आणि एक बऱ्यापैकी तुकडा पूर्ण बघायला मिळाला. धाकटा अडीच सेकंदांवर अडून बसला होता, थोरला तीनवर. त्यावरून भांडण झालं तेही यथासांग.

एंडिकॉट आर्मही वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. माझी नणंद जाऊन आली. खाडी अरुंद, दोन्ही बाजूंना धबधबे, टोकाला डॉझ ग्लेशियर. पण पाण्यात तरंगतं बर्फ जास्त असलं तर मोठं जहाज लांबूनच वळतं. त्यांचं तसंच झालं. शिवाय तिथे काही तास, इथे अख्खा दिवस. तुम्ही हिशेबनीस आहात, माणशी ३०० डॉलर जास्त पडताहेत. मी देईन. त्याच पैशात गो-कार्ट कुठेही चालवता येतं.

आता देवमासा, म्हणजे तुमच्या लेकीचा अबोला. जहाजावरूनही दिसतात, पण कसे? लांबवर एक फवारा, तुम्ही बोट दाखवेपर्यंत संपलेला. जुनोला उतरलात की ऑक बे नावाच्या धक्क्यावरून छोट्या बोटी सुटतात. तिथे उन्हाळाभर हंपबॅक देवमासे हेरिंग नावाचे छोटे मासे खायला आलेले असतात. यातले पुष्कळसे हिवाळ्यात हवाईला जातात, तिथे पिल्लं होतात, आणि खायला पुन्हा इथे. म्हणजे माहेर-सासर असतं तसंच. आम्ही वीस-बावीस जणांची बोट घेतली, आत हीटर आणि शौचालय दोन्ही होतं. ७६ वर्षांच्या माणसासाठी दुसऱ्या गोष्टीची खात्री आधी करून घ्या. माणशी १७० डॉलर गेले. सगळ्या सहलीत मोजलेले सगळ्यात चांगले पैसे.

नियम असा की बोटीने देवमाशापासून १०० यार्डांच्या आत जायचं नाही. मनात आलं, नव्वद मीटर म्हणजे फार लांब. पण चाळीस फुटांचा प्राणी नव्वद मीटरवर श्वास सोडतो ना, तेव्हा तो आवाज छातीत ऐकू येतो. आणि वारा आपल्याकडे असला तर वासही येतो, सडक्या मासळीचा. धाकट्याने हे घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, देवमासा कसा दिसतो ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.

तो तीन-चारदा वर येऊन श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो आणि शेपटी पूर्ण उचलून खोल जातो. शेपटी दिसली की कॅमेरे खाली ठेवायचे, आता पाच-दहा मिनिटं काही नाही. गेला त्या जागी पाण्यावर तेलाचा थेंब पडल्यासारखं गुळगुळीत वर्तुळ उरतं. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या अंगठ्यासारखी, आणि तिथल्या बोटवाल्या मुलीला त्यातले कितीतरी ओळखीचे. "ही गेल्या वर्षी पिल्लू घेऊन आली होती," असं ती शेजारणीबद्दल बोलावं तसं सांगत होती.

अस्वलाचं सांगायचं तर, मेंडेनहॉल ग्लेशियर जुनो शहरापासून बारा मैलांवर आहे आणि त्याच्या व्हिजिटर सेंटरपाशी स्टीप क्रीक नावाचा ओढा आहे. जुलैच्या मध्यानंतर तिथे लाल सॅमन मासे येतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वलं. लाकडी पुलासारख्या वाटेवरून आपण वरून बघायचं. आम्हाला एक अस्वल दिसलं, पाठमोरं, दहा मिनिटं. तोंड शेवटपर्यंत दाखवलं नाही. हिमनदीचा फोटो काढायची फोटो पॉइंटची वाट पक्की आणि सपाट आहे, बाबांना जमेल. नगेट फॉल्स धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन अडीच-तीन किलोमीटर पडतात. ते गुडघ्यांना विचारून ठरवा.

अजून पुष्कळ आहे, पण भात लावायचाय.

खिडकीपाशी

शहाणीबाईंचा प्रतिसाद झकास, पण एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. त्यांनी बाल्कनीबद्दल काही लिहिलं नाही, बहुतेक त्यांना ती उधळपट्टी वाटत असावी. मी आईला घेऊन गेलो होतो, वय ८०, चालताना काठी. ग्लेशियरच्या दिवशी वरच्या डेकवर बसायला खुर्ची मिळत नाही, कठड्याशी तीन रांगा असतात. आई आमच्या बाल्कनीत पांघरूण घेऊन बसून होती, हातात चहाचा कप, पाय वर. खाली एका बर्फाच्या तुकड्यावर सील आणि तिचं पिल्लू होतं. जहाज इतकं सावकाश जात होतं की आईने त्या पिल्लाला चार-पाच मिनिटं बघितलं. "आईच्या अंगावर डोकं ठेवून झोपलंय गं," असं बहिणीला फोनवर सांगत होती, म्हणजे नेटवर्क नव्हतं, व्हिडिओ काढत होती. तो व्हिडिओ बर्फाचा कमी आणि आईच्या अंगठ्याचा जास्त आहे, पण आवाज तिचा आहे.

तर ज्याला उभं राहवत नाही त्याच्यासाठी बाल्कनीला पैसे घाला.

ग्लेशियरवर हेलिकॉप्टरने उतरण्याच्या भानगडीत पडू नका. माणशी शेकडो डॉलर, आणि धुकं आलं की रद्द. आमचं रद्द झालं. पैसे परत मिळाले, पण जुनोतला दिवस हातचा गेला. त्या दिवशी आम्ही दुकानांतून अस्वलाचं चित्र असलेले टीशर्ट बघत फिरलो.

हिशेबनीस

दोघांनाही मनापासून धन्यवाद. सील-पिल्लाचं वाचून आई म्हणाली, "बघ!" का म्हणाली ते कळलं.

उपप्रश्न : १) बोट लागते का? बायकोला साध्या घाटातसुद्धा त्रास होतो. २) स्कॅगवे आणि केचिकनला काय करावं? ३) आम्ही सगळे शाकाहारी. ४) व्हिक्टोरिया कॅनडात आहे हे मला आज कळलं. तिथे उतरलोच नाही तर?

शिक्कामोर्तब

चौथ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून लोकांची सहल जहाजात चढायच्या आधीच बुडते.

तुमचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून अमेरिकेच्याच बंदरात परत येतं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या प्रवासी जहाजाला अशा फेरीत मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावं लागतं. बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याचीच असतात. म्हणून ती परतताना संध्याकाळी काही तास व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्हाला व्हिक्टोरिया बघायची हौस असो वा नसो, जहाजाला ती आहे.

भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढा, सहाही जणांचा, मुलांसकट. 'मी खोलीतच बसेन' हे चेक-इनच्या काउंटरवर चालत नाही. बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं, म्हणून चार-पाच महिने आधी सुरुवात करा. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघा, कारण व्हिक्टोरियाहून सिअॅटलला येणं म्हणजे पुन्हा प्रवेश.

प्रवासविमा घेताना त्यात वैद्यकीय कारणासाठी हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही. राज्याची राजधानी आहे, पण जायचं तर विमानाने किंवा बोटीने.

उंटावरची शहाणी

भात झाला. खिडकीपाशी यांचं बाल्कनीचं म्हणणं मान्य. मी उधळपट्टी म्हणणार होते हेही मान्य. हिशेबनीस, असं करा : आई-बाबांना बाल्कनी, तुम्हा चौघांना आतली बिनखिडकीची खोली. झोपायला नाहीतरी अंधारच हवा. जूनअखेर जुनोला रात्री दहाला सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या आत हजर. आमच्या धाकट्याने 'अजून उजेड आहे' या मुद्द्यावर रोज झोपायला नकार दिला. आणि बघायचं असेल तेव्हा सगळ्यांनी आई-बाबांच्या खोलीत घुसायचं. ते नाही म्हणणार नाहीत.

बोट लागण्याचं : बेटांच्या आडून जाणारा मधला मार्ग तळ्यासारखा शांत असतो. पण सिअॅटलहून निघणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, म्हणून पहिली रात्र आणि दुसरा दिवस हलतं. गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे कमी हलतं. बाल्कनी मात्र वर मिळते. म्हणजे ज्यांना त्रास होत नाही त्यांना वर आणि तुमच्या बायकोला खाली, हिशेब आपोआप जुळला.

स्कॅगवेला आगगाडी. १८९८ ते १९०० मध्ये, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे लोक वेडे झाले होते तेव्हा बांधलेली. दोन रुळांत अंतर जेमतेम तीन फूट. समुद्रसपाटीवरून निघून वीस मैलांत २,८६५ फुटांवरच्या व्हाइट पासला चढते. गुडघ्यांना शून्य काम, डोळ्यांना भरपूर. वर जाताना डाव्या हाताला बसा, दरी तिकडे आहे. पासपोर्ट जवळ ठेवा, वरती कॅनडाची हद्द आहे. सोनं शोधायला निघालेल्या माणसाकडे वर्षभराचा शिधा आणि सामान, जवळपास एक टन, असेल तरच कॅनडाचे पोलीस वरून पुढे सोडायचे. तेवढं पाठीवरून न्यायला तीस-चाळीस खेपा. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, तुझ्या बॅगांबद्दल मी यापुढे बोलणार नाही. दोन दिवस पाळलंही.

केचिकनला पाऊस. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. टोपीचे रेनकोट घ्या. खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीटची घरं आणि टोटेम पोल (मूळच्या लोकांचे कोरीव लाकडी खांब), बस. जुलैअखेर ओढ्यात सॅमन उड्या मारत असतात, ते पुलावरून फुकट दिसतात.

तिथे बाल्ड ईगल विजेच्या खांबांवर कावळ्यासारखे बसलेले असतात. टक्कल बिक्कल काही नसतं, डोक्यावर पांढरी पिसं असतात, आणि तीही पाचएक वर्षांचा झाल्यावर येतात. त्याआधी सगळा तपकिरी. आम्ही पहिल्या दिवशी पाच-सहा तपकिरी गरुडांना 'हा तो नव्हे' म्हणून सोडून दिलं.

शाकाहार : पहिल्या रात्रीच जेवणघराच्या मुख्य वाढप्याला सांगून ठेवा. तो आदल्या रात्री विचारून दुसऱ्या दिवशीचं भारतीय काहीतरी करून देतो. वरण पिवळं असेल, वरणासारखं लागेलच असं नाही.

फोनची बॅटरी थंडीत झपकन उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाला चिकटून ठेवा. आणि अलास्काचं घड्याळ सिअॅटलच्या एक तास मागे आहे. बाहेरच्या बोटीचं तिकीट काढताना ती कुठल्या वेळेनुसार सुटते ते विचारा आणि जहाज निघायच्या आधी निदान दोन तास मोकळे ठेवा. धक्क्यावरून धावत येणारी एक जोडी आम्ही वरून बघितली. सगळं जहाज टाळ्या वाजवत होतं. पोचले बिचारे. पण तुमच्या बाबांना तसं धावता येणार नाही.

एक दुर्बीण घ्या, ८×४२ ची. सहा जणांत दोन असल्या तर घरात शांतता राहील.

निवांत

तीन घ्या.

हिशेबनीस

उशिरा कळवतोय. ग्लेशियर बेचं जहाज पक्कं केलं. आई-बाबांना बाल्कनी, आम्ही चौघं खाली अंधारात. कॅनडाचे अर्ज भरले, ठसे पुढच्या आठवड्यात. जुनोची बोटही ठरवली, शौचालय आहे याची दोनदा खात्री केली.

धाकटा गो-कार्टवरून तीन दिवस रुसला होता. माणसं दोरशिडीवरून चालत्या जहाजात चढतात हे सांगितल्यावर विरघळला. आता विचारतोय, आपणही तसंच चढायचं का.

दुर्बिणी दोन आणल्या. एक बाबांनी लगेच ताब्यात घेतली. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन समोरच्या टाकीवर बसणारी घार बघतात, सराव म्हणून. गुडघे दुखतात म्हणून गेली दोन वर्षं गच्चीचा जिना चढले नव्हते. मी काही बोललो नाही.

उंटावरची शहाणी

बोलूच नका. फक्त घार सापडायला लागली की दुसऱ्या दिवसापासून त्यांना झोपाळ्यावर बसवा आणि झोका देऊन मग बघायला सांगा. बोट हलते.